समुद्र घेऊन उमरग्याच्या वाटेवर

समुद्र दाखवायला मी उस्मानाबाद जिल्ह्यात गेलो होतो, असं सांगितलं की आमच्या बँकेतले लोक अजूनही चहाचा कप खाली ठेवून हसतात. हसू देत. दुष्काळी मुलखात आठवडाभर समुद्र घेऊन फिरलेला त्यांच्यात मी एकटाच आहे.

झालं असं. आम्ही पुण्यातल्या चार मित्रांनी सिनेमाचं एक जुनं, लहान मशीन घेतलं होतं आणि त्याच्याबरोबर काही इंग्रजी चित्रपटांची रिळं मिळाली होती. शनिवारी संध्याकाळी कुणाच्या तरी दिवाणखान्यात चादर लावून ते चित्रपट आम्ही बघायचो आणि मग त्यांच्यावर घसा बसेपर्यंत वाद घालायचो. त्यातला एक तलवारबाजीचा होता. शिडाची जहाजं, जुलमी सुभेदार, त्याची देखणी पुतणी, खोट्या आळापायी समुद्री लुटारू झालेला तरणाबांड नायक, जिन्यावरून वरखाली चालणारी लढाई, झुंबराला लोंबकळून मारलेली उडी, असा सगळा मालमसाला. मी तो इतक्यांदा पाहिला होता की पुढचं वाक्य मला आधी ऐकू यायचं.

साळुंके हा माझा कॉलेजातला मित्र. तो तिकडच्या एका दूध संघात विस्तार अधिकारी आहे. पुण्यात आला असताना त्यानं आमच्याकडे हा चित्रपट पाहिला आणि निघताना म्हणाला, "हे घेऊन माझ्याकडे ये." पाऊस दोन वर्षं रुसला होता, रानं पडीक होती, घरटी एखादं दुभतं जनावर धरा, संघाला दूध घाला, सभासद व्हा, हे सांगायला तो गावोगाव हिंडत होता. "पण दुधावर बोलतो म्हटलं की लोक येत नाहीत," तो म्हणाला. "पिक्चर म्हटलं की गाव लोटतं. निम्मा पिक्चर दाखवायचा, मशीन थांबवायचं, माझं भाषण, मग उरलेला. उठून जाईल कोण?" मध्यंतराचा असा उपयोग मला कधी सुचला नसता. मी रजा टाकली.

धाराशिव

कागदोपत्री उस्मानाबाद, पण एस.टी.त शेजारी बसलेल्या आजोबांनी "धाराशिवला उतरायचं न्हवं?" असंच विचारलं. स्टँडवर साळुंके जीप घेऊन उभा होता. पहिलं काम म्हणून त्यानं मला एका हॉटेलात नेऊन इथले गुलाबजाम खायला घातले. आकारानं आमच्याकडच्यापेक्षा मोठे, रंगानं काळपट आणि आतून मऊ. दोन खाल्ल्यावर दुष्काळ कुठे आहे असं वाटायला लागलं. तो कुठे आहे ते तासाभरात कळलं.

पहिलं गाव धाराशिवपासून जवळच होतं. ज्यांच्याकडे उतरलो त्यांनी ओसरीवर पाय धुवायला तांब्या पुढे केला. मी पुणेरी सवयीनं तो दोन्ही पायांवर उपडा केला, आणि उरलेल्यात चूळ भरून टाकली.  घरातली सून रिकाम्या तांब्याकडे आणि अंगणातल्या ओल्या डागाकडे आळीपाळीनं बघत राहिली. साळुंकेनं मग तोच तांब्या निम्मा भरून घेऊन तेवढ्यात हात, पाय आणि तोंड कसं धुतात ते मला दाखवलं, तेही एका घमेल्यात उभं राहून. ते पाणी नंतर म्हशीच्या आंबोणात, म्हणजे तिच्या भिजवलेल्या पेंड-भुशात गेलं. आमच्याकडे नळ सोडून दाढी करतात, हे मी त्या घरात बोललो नाही.

जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी होती. येसर म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्यांचं मसालेदार पीठ. ते उकळत्या पाण्यात कालवलं की आमटी होते. भाजी नसलेल्या घराची लाज राखणारी इतकी चवदार वस्तू मी दुसरी पाहिली नाही. तिसऱ्या वाटीला मात्र माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ओसरीवर पहिल्यांदा हशा पिकला.

त्याच ओसरीवर लिंबाजींची गाठ पडली. चाळिशीचा, उंच, केसांना चापून तेल लावलेला माणूस. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. संघात रोजंदारीवर काम, पण साळुंकेनं त्याची ओळख "आमचा आवाज" अशी करून दिली. इंग्रजी चित्रपट गावाला कळणार कसा, याचा विचार मी केलाच नव्हता. साळुंकेनं केला होता. लिंबाजी बुद्धजयंतीला आपल्या वस्तीच्या गायन पार्टीत गाणारे, माईक त्यांच्या हातचा मळ. त्यांनी आमचा चित्रपट दुपारी एकदा, खोलीची दारं लावून, माझ्याकडून अर्थ विचारत पाहिला. एकदाच. संध्याकाळी पडद्याशेजारी उभं राहून त्यांनी सगळा चित्रपट मराठीतून सांगितला, सगळ्यांचे आवाज काढून. पुतणी बोलली की गळा बारीक, सुभेदार बोलला की तोंडात पान असल्यासारखा, तोफ उडाली की तोफही तेच.

पडदा उजळला आणि समुद्र आला तेव्हा माणसं माना ताणून बघायला लागली. मग बायकांतून एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "खारं हाय म्हनं ते. मग काय उपेग?" आणि लोक सैल झाले.

माझं बिनसलं ते पुढे. नायकाच्या जहाजावर एक धिप्पाड काळा खलाशी आहे. कानात बाळी, उघडं अंग. मूळ चित्रपटात तो एक शब्द बोलत नाही. दोर ओढतो, दिवटी धरतो, नायक बुडायला लागला की उडी मारतो, आणि पाऊण चित्रपट झाल्यावर दारूगोळ्याच्या कोठाराकडे जातो तो दिसेनासाच होतो. लिंबाजींनी त्याचं नाव सिदराम ठेवलं आणि त्याला तोंड दिलं. नायक डेकवर उभा राहून तलवार फिरवतोय, मागे हा शीड चढवतोय, आणि कर्ण्यातून आवाज येतोय, "धनी, तलवार मागनं फिरवा, आधी ह्यो दोर धरा. हात मोकळाच हाय तुमचा!" गाव खदाखदा हसलं. त्या क्षणापासून नायकाकडे कुणी बघेना. सगळ्यांचे डोळे सिदरामवर.

खेळ संपल्यावर मी तणतणतच वायरी गुंडाळल्या. "लिंबाजी, तो माणूस चित्रपटात बोलत नाही."

"म्हाईत हाय की," ते म्हणाले. "म्हनून तर म्या बोलतोय."

"अहो, पण लिहिणाऱ्यानं त्याला वाक्यच दिलेलं नाही."

"त्येनं न्हाय दिलं तर आपुन द्यावं. आख्ख्या बोटीवर समद्यात जास्ती काम ह्योच करतोय बगा. शिड ह्यो वडतोय, दिवटी ह्यो धरतोय, धनी पान्यात पडला तर उडी बी ह्योच टाकतोय. अन् त्वांड तेवढं त्येला न्हाय? मुका हाय का त्यो?"

इतक्या वर्षांत, इतक्या शनिवारी, आम्हा चौघांपैकी एकाच्याही वादात हा खलाशी आला नव्हता. मी छायाचित्रणावर बोललो होतो, संगीतावर बोललो होतो, नायिकेच्या झग्यावरही बोललो होतो. पण लिंबाजींपुढे हे कबूल करायची माझी तयारी नव्हती. मी म्हणालो, "बरं, बोलू दे त्याला. पण थोडं कमी बोलू दे." ते हसले. दुसऱ्या दिवशी सिदराम जास्तच बोलला.

आणखी एक गोष्ट मी पहिल्या दिवशी पाहिली. आमचा पडदा म्हणजे दोन खांबांना ताणून बांधलेलं पांढरं कापड. मशीनच्या बाजूला गाव बसतं. कापड पातळ असल्यामुळे पलीकडूनही चित्र दिसतं, फक्त आरशातल्यासारखं उलट. त्या पलीकडच्या बाजूला, मातीवर, बरीच माणसं बसली होती. मला वाटलं, गर्दी झाली म्हणून. साळुंके म्हणाला, "नाही रे. ती बौद्धवस्तीची बसायची जागा. सांगत कुणी नाही, आपोआप जातात." तिसऱ्या गावातही तसंच, चौथ्यातही तसंच. पुढे पुढे पडदा बांधताना पलीकडची जागा झाडून-लोटून ठेवलेली मला दिसायची.

नळदुर्ग

हैदराबादच्या रस्त्याला लागलं की ट्रक आणि ढाबे सुरू होतात आणि बोलण्यात कानडी मिसळायला लागते. एका ढाब्यावर मालकानं "बर्री, कुंद्री" म्हणून बाजेवर बसवलं, म्हणजे या, बसा. जेवणात गव्हाची हुग्गी होती, गूळ घालून शिजवलेली दाट खीर. साळुंकेनं ती ताटभर खाल्ली आणि मग जीपमध्ये घोरत पडला.

किल्ला मी लिंबाजींबरोबर पाहिला. दोन गडकोटांच्या मधून बोरी नदी आणि तिला अडवणारी दगडी भिंत. त्या भिंतीच्या पोटात महाल आहे. चांगल्या पावसाळ्यात त्याच्या डोक्यावरून पाणी पडतं आणि माणूस आत खिडकीत कोरडा उभा राहतो म्हणे. आम्ही गेलो तेव्हा आत-बाहेर सगळंच कोरडं होतं. नदीच्या पात्रात खड्डा उकरून एक बाई वाटीनं पाणी भरत होती. घागर भरायला तिला किती वेळ लागत असेल याचा अंदाज करत मी उभा राहिलो, आणि मग लाज वाटून तिथून निघालो.

गावात महबूबचाचांचं चहाचं दुकान आहे. आदल्या दिवशीचा खेळ त्यांनी शेजारच्या गावात पाहिला होता, तेव्हा लिंबाजींना बघताच त्यांनी चहा टाकला आणि तक्रारही मांडली. चित्रपटात सुभेदाराच्या खजिन्यावर एक फेटेवाला, दाढीवाला पहारेकरी आहे. डोळे वटारतो, दात विचकतो आणि नायकाच्या हातून मरतो.

"हर पिच्चर में दाढीवालाच बदमाश कायकू रहता जी?" चाचा म्हणाले. "उसने किया क्या? खडाच तो था बेचारा."

लिंबाजींनी बशीतला चहा संपवला. "चाचा, आज इधर है खेल. आके बैठो."

त्या संध्याकाळी पहारेकरी पडद्यावर आला तसा लिंबाजींचा आवाज बदलला. "मैं तो डूटी पे हूं, भाई. खजाना मेरा नहीं, तेरा भी नहीं. रात कू दीवार चढके तू आया, तो चोर कौन?" नायकानं उत्तरादाखल तलवार उपसली. पण गर्दीतून चाचा उठून उभे राहिले होते. "सही बोला! एकदम सही बोला!" पहारेकरी मेला तेव्हा नळदुर्गात टाळ्या पडल्या नाहीत. मी मशीनपाशी बसून पहिल्यांदाच विचार करत होतो की खरंच, लुटायला तर आपला नायकच आला आहे.

नळदुर्गालाच एका बाईनं विचारलं की त्या बेटावर फुलांच्या माळा घालून नाचणाऱ्या बायका नाच झाल्यावर कुठे गेल्या. त्याही चित्रपटात पुन्हा दिसत नाहीत. पुढच्या गावात लिंबाजींनी नाच संपताच जाहीर केलं, "ह्या निघाल्या आता पाझर तलावाच्या कामावर. हजेरी चुकली तर मुकादम ऐकायचा न्हाय." रोजगार हमीवर दिवसभर खडी फोडून आलेल्या बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. माझा शुद्ध इंग्रजी चित्रपट आता पार हाताबाहेर गेला होता, आणि खरं सांगायचं तर मला तो पूर्वीपेक्षा जास्त आवडायला लागला होता.

किल्ल्याच्या तटावर बसलो असताना लिंबाजी एकदम म्हणाले होते, "सायेब, परवा आमचं गाव हाय."

"मग छान झालं. घरचे लोक ऐकतील."

"माझी आय ऐकंल. पर बघंल मागनं."

त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या गावात पडदा चावडीपुढच्या मोकळ्या जागेत बांधतात. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला त्यांची वस्ती. आरोग्य खात्याचे असोत की देवादिकांचे, आईनं आजवर सगळे सिनेमे वस्तीच्या बाजूनं पाहिले. "म्या पुढं हुबा राहून माईक धरनार, अन् माझी आय त्या कापडाच्या पाठीमागं. मला ते बरं दिसंना." दूध संकलनाची खोली वस्तीच्या कडेला आहे, वीजही तिथंच आहे. तेव्हा मशीन त्या बाजूला लावायचं. म्हणजे वस्तीची बाजू हीच पुढची होईल.

"वायर लांब हाय तुमची," ते म्हणाले. "चावडीपातुर जाती. मला म्हाईत हाय. तरी इचारतोय."

साधी मागणी होती, पण मला तिचं वजन कळत होतं. त्यांच्या गावचे सरपंच दूध संघाच्या संचालक मंडळावर. लिंबाजी रोजंदारीवर, कायम होण्याच्या रांगेत. सरपंचांनी एक शब्द वाकडा टाकला की झालं. (लिंबाजी अजूनही कायम झालेले नाहीत. ते इथंच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कुणी विचारायला नको.) मी म्हणालो, "मला काय, मी खेळ संपला की पुण्याला. तुम्हाला इथं राहायचंय."

"राहायचंय म्हनूनच म्हनतोय."

मी "बघू" म्हणालो. पुण्याच्या माणसाचं "बघू" म्हणजे काय ते त्यांना माहीत नसावं, कारण ते खूश होऊन उठले.

लिंबाजींचं गाव

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. उमरग्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, चिंचेच्या झाडांचं गाव आहे. दुपारचं जेवण लिंबाजींच्या घरी झालं. शेणानं सारवलेल्या दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिला ताज्या फुलांऐवजी कागदी हार. त्यांच्या आई सरूबाई अंगानं चिमणीएवढ्या, पण आवाज लेकाचाच. मी वाकून नमस्कार केला तर म्हणाल्या, "जयभीम, बाबा. बस. धपाटं खातूस न्हवं?" ज्वारीच्या पिठाची, लसूण-मिरचीची धपाटी, वर दह्याचा गोळा. पाय धुताना मी तांब्यातलं निम्मं पाणी शिल्लक ठेवलं, तेव्हा साळुंकेनं माझ्याकडे शाबासकीनं पाहिलं.

"लिंब्या म्हनतोय, तू समिंदर आनलास," सरूबाई म्हणाल्या.

"आणलाय, आजी. आणि तुमचा लेक त्यात बोलतो."

"त्यो ल्हानपनापासनंच लई बोलतोय." असं म्हणून त्यांनी तिसरं धपाटं माझ्या ताटात टाकलं. लिंबाजी मान खाली घालून जेवत होते. इतके दिवस कर्ण्यातून गावंच्या गावं हलवणारा तो माणूस आईपुढे पार गप्प होता, आणि त्या गप्प बसण्यानंच माझं "बघू" संपवलं.

ऊन उतरल्यावर आम्ही पडदा बांधला. मशीनचं टेबल मी दूध संकलनाच्या खोलीपुढे मांडलं, वस्तीच्या बाजूला. पलीकडे चावडीपुढे खुर्च्या मांडून झाल्या होत्या. सरपंच आले. साठीचे, धोतर, पांढरा पटका. सगळे त्यांना अण्णा म्हणत. माणूस आडदांड नव्हता, पण आपलं म्हणणं दुसऱ्यांदा सांगायची सवय नसलेला दिसत होता.

"मशीन तिकडं कसं काय?" त्यांनी विचारलं.

"वायर पुरत नाही," मी म्हणालो.  वायरीचं उरलेलं वेटोळं जीपच्या मागच्या सीटवर सगळ्यांना दिसेल असं पडलं होतं. साळुंकेनं ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि जाऊन त्यावर आपला कोट टाकला.

"मग त्यात काय," अण्णा म्हणाले. "खुर्च्या हिकडं आना."

हे माझ्या किंवा लिंबाजींच्याही डोक्यात आलं नव्हतं. मशीन हललं तर खुर्च्याही हलतील! दोन माणसांनी खुर्च्या उचलल्या आणि पडद्याला वळसा घालून ती मिरवणूक वस्तीच्या बाजूला आली. तोवर वस्तीची माणसं येऊन बसली होती, बायका-पोरं पुढे. खुर्च्या येताना दिसल्या तशी ती उठायला लागली. कुणी हटकलं नाही, कुणी हात केला नाही. माणसं पदर, पोरं, गोणपाटाची बसकरं गोळा करून पडद्याच्या दुसऱ्या बाजूला निघाली. दरवेळची वाट होती, पायांना ती पाठ होती. लिंबाजी माईकचा दांडा धरून उभे होते. त्यांचा चेहरा मला बघवेना.

सरूबाई उठल्या नाहीत. सगळ्यांत पुढे, पडद्यापासून हाताच्या अंतरावर, मांडी घालून बसून होत्या. खुर्चीवाल्यानं विचारलं, "म्हातारे, उठतीस न्हवं?"

"आत्ताच तर बसले," त्या म्हणाल्या. "गुडगं लई दुखत्यात. किती येळा उठायचं रं?"

निघालेली माणसं थांबली. दोघी-तिघी बायका परत त्यांच्याजवळ येऊन टेकल्या. खुर्च्या हातात धरून ती दोन माणसं अण्णांकडे बघत राहिली. अण्णा पडद्याकडे बघत राहिले. 

तोंड उघडलं ते साळुंकेनं. इतका सरळ, भिडस्त, नोकरी सांभाळून असलेला माणूस; पण त्या दिवशी त्यानं कमाल केली. "अण्णा, सोलापूरला थेटरात महागाची तिकिटं कुठं असतात?" त्यानं विचारलं. "मागं. पडद्याजवळ बसलं की डोळे दुखतात. तुमच्या खुर्च्या पार मागं टाकतो."

अण्णांनी थोडा विचार केला. "ते बी खरंच," ते म्हणाले. "मागं टाका."

खुर्च्या वस्तीच्या मागे पडल्या. चावडीकडची बाकीची माणसंही हळूहळू वळसा घालून आली आणि मिळेल तिथं टेकली. कुणी कुणाला खेटून बसलं, कुणी दोन हात सोडून बसलं. पण पडद्याच्या पलीकडे त्या संध्याकाळी एक कुत्रं सोडलं तर कुणी नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला आणि मी मशीन सुरू केलं.

समुद्र आला. सिदराम आला, आणि वस्तीनं त्याला घरचा माणूस आल्यासारखं घेतलं. मग सुभेदाराच्या वाड्यातला जिना आला. सुभेदाराचे शिपाई खालून वर येतायत, नायक कठड्यावर उडी मारतो, आणि तलवार उपसून पहिला वार करतो. तेवढ्यात पुढून सरूबाईंचा खणखणीत आवाज आला.

"अगं बया! ह्यो आज उजव्या हातानं कसा काय खेळतोय?"

मागे खुर्च्यांवर हशा फुटला. अण्णाही हसले. "म्हातारे, मग कुठल्या हातानं खेळनार?" कुणीतरी ओरडलं.

"डाव्या," सरूबाई म्हणाल्या. "पिच्चरमदली मानसं समदी डावरीच असत्यात. जेवत्यात बी डाव्या हातानं. मला लई किळस यायची." शेजारच्या बायका माना हलवत होत्या. "व्हय की, डावरीच असत्यात," त्यांतली एक म्हणाली. वस्तीतले दोघे-तिघे म्हातारेही तेच म्हणाले. ती माणसं थट्टा करत नव्हती. आयुष्यभर पाहिलेलं सांगत होती.

मला कळायला दोन क्षण लागले. मागच्यांनाही तेवढेच लागले असावेत, कारण हसणं एकेका खुर्चीवरून थांबत गेलं. पडद्यावर नायक जिना चढत होता आणि त्याचं बोलणं कुणीच सांगत नव्हतं. लिंबाजींनी माईक तोंडापासून दूर धरला होता. सगळं गाव समोर होतं, अण्णा होते, साळुंके होता. मग त्यांनी माईक जवळ घेतला. आठवडाभर मी त्यांचे सगळे आवाज ऐकले होते, पुतणीचा, सुभेदाराचा, सिदरामचा, तोफेचा. कर्ण्यातून आता जो आला तो मी तटावर ऐकलेला, त्यांचा स्वतःचा होता.

"आये, त्यो पयल्यापासनं उजव्याच हाताचा हाय. आपुन मागनं बघत हुतो."

सरूबाईंनी मान वर करून लेकाकडे पाहिलं. मग मागे वळून खुर्च्यांकडे पाहिलं, अगदी सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.  त्यांनी पदर नीट केला आणि पुन्हा पडद्याकडे तोंड केलं.

"असं व्हय?" त्या म्हणाल्या. "मग आता हितनंच बघायचं."